जवळा

जवळा हा सेर्जेस्टिडी कुळातील असेटीस प्रजातीचा बारीक समुद्री प्राणी आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळणारी त्याची मुख्य जाती असेटीस इंडिकस. लांबी साधारण १.५ ते ४ सेंमी. अनेकांना तो कोळंबीचे पिल्लू वाटतो, पण पूर्ण वाढ झाली तरी तो एवढाच राहतो. ठाणे आणि नवी मुंबईच्या आगरी-कोळी स्वयंपाकात जवळा ओला आणि सुका असा दोन्ही प्रकारे वापरतात. सुकवलेल्याला सुकट असेही म्हणतात.

जवळ्याचे थवे किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात फिरतात. ते डोल जाळ्यात सापडतात. हे पिशवीसारखे जाळे ठरावीक जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीची ओढ मासळी आपोआप आत आणते. ठाणे जिल्ह्यातील उत्तन हे अशा मासेमारीचे मोठे बंदर. तिथे बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, टांगलेले दिसतात, जवळा मात्र जमिनीवर पातळ पसरून उन्हात वाळवतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीआधी तो डब्यात भरून ठेवणे ही पावसाळ्याची ठरलेली बेगमी.

पूर्व आणि आग्नेय आशियात याच प्रजातीच्या जवळ्याला वेगळे वळण मिळाले. मलेशियाचे बलाचान, इंडोनेशियाचे तेरासी, थायलंडचे कापी, फिलिपिन्सचे बागूंग आलामांग हे पदार्थ मुख्यतः असेटीसपासूनच होतात. तिथे जवळा मिठात मुरवून आंबवतात आणि त्याचा गडद लगदा करतात. आपल्याकडे तो नुसता वाळवतात, आंबवत नाहीत. त्यामुळे बलाचान चमचाभर पुरते आणि जवळा मूठभर लागतो. चवीचे मूळ मात्र सारखेच. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे चवीचे द्रव्य वेगळे करून त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. कवचधारी प्राण्यांत ग्लुटामेटबरोबर ॲडेनिलेट हे दुसरे चवीचे द्रव्यही असते आणि दोन्ही एकत्र आले की चव कितीतरी गडद लागते. कांदा-जवळ्यात टोमॅटो पडतो, तेव्हा हेच घडते, कारण टोमॅटोतही ग्लुटामेट भरपूर असते.

जवळा करण्याआधीचे काम वेळखाऊ आहे. जमिनीवर वाळवलेला असल्याने त्यात वाळू, शिंपल्याचे तुकडे, एखादा बारीक मासाही येतो. म्हणून जवळा निवडून कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजतात. कवचातील ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य एरवी प्रथिनाला बांधलेले असते. आच लागली की ते सुटते आणि दाणा गुलाबी होतो. खमंग वास सुटला की उतरवून हातावर चोळतात. मिशा आणि पायांचा भुसा मोकळा होतो, तो सुपात पाखडून टाकतात. मग पाण्यातून एकदा काढून लगेच निथळतात. पाण्यात भिजत ठेवला तर चव पाण्याबरोबर जाते.

कांदा, लसूण, आगरी मसाला आणि कैरी किंवा आमसूल घालून केलेला सुका जवळा तांदळाच्या भाकरीबरोबर खातात. वांग्यात किंवा बटाट्यात टाकला तर भाजी पुरवठ्याला येते. खोबरे, लाल मिरची आणि लसणाबरोबर कुटून चटणी होते. ओल्या जवळ्याचे वडे वेगळेच. ते ज्या दिवशी जवळा मिळेल त्याच दिवशी करावेत, कारण तो फार लवकर खराब होतो.

वाशी-सीवूड्सच्या मॉलमध्ये ‘आशियाई पदार्थां’च्या फळीवर फिश सॉसची बाटली मानाने उभी असते. त्याच परिसरातल्या सोसायटीत कोणी जवळा भाजला तर जिन्यात कुजबुज होते. वासाचा उग्रपणा दोन्हींकडे आहे, म्हणून ही कुरबूर फारशी मनावर घेण्यासारखी नाही. पाड थाय हा थायलंडचा नूडल्सचा पदार्थ घरी करताना सुकी कोळंबी लागते. तिथे जवळ्यापेक्षा सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) जास्त जवळचे, कारण तेही सोललेले आणि मांसल असतात. सोम तामसारख्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत मात्र भाजून चुरलेला जवळा सहज खपतो.

घेताना जवळा मुठीत दाबून पाहावा. कुरकुरीत मोडला तर चांगला वाळलेला. दमट लागला, पिवळट दिसला किंवा अमोनियासारखा वास आला तर घेऊ नये. घरी आणल्यावर एक कडक ऊन देऊन, थंड झाल्यावर हवाबंद बरणीत भरतात.