होमरने दिलेले घर: अलेक्झांडर पोप आणि कवीच्या पोटापाण्याची गोष्ट

१७१३ चा नोव्हेंबर. इंग्लंडच्या राणी ॲनच्या दरबारी दालनात लेखक जोनाथन स्विफ्ट एका तरुण उमरावाला सांगत होता की, देशातला सर्वोत्तम कवी म्हणजे पोप. तो कॅथलिक आहे, प्राचीन ग्रीक कवी होमर इंग्रजी पद्यात आणतो आहे आणि त्यासाठी तुम्ही सगळ्यांनी वर्गणी, म्हणजे पुस्तकाचे पैसे आगाऊ, भरलीच पाहिजे. माझ्या हाती हजार गिनी (सोन्याची नाणी) जमल्याशिवाय छपाई सुरू होणार नाही! तिथे हजर असलेल्या व्हाइट केनेट या धर्मगुरूने हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले.

‘तो कॅथलिक आहे’ हे स्विफ्टने मुद्दाम सांगितले, कारण बरेच काही त्यातूनच घडले. अलेक्झांडर पोप १६८८ साली लंडनमध्ये एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्मला. प्रॉटेस्टंट इंग्लंडच्या त्या काळच्या कायद्याने कॅथलिकांना विद्यापीठ बंद, सरकारी पद बंद, लंडनच्या दहा मैलांच्या आत राहायलाही बंदी. पोपचे कुटुंब विंडसरच्या जंगलालगत बिनफील्ड गावी गेले. तिथे पोराने बरेचसे स्वतःच वाचून काढले. लहानपणीच मणक्याला क्षय जडला, पाठीला पोक आले, उंची साडेचार फुटांवरच थांबली.

त्याआधीच्या पिढ्यांत कवीला दोनच वाटा होत्या. एखाद्या उमरावाला ग्रंथ अर्पण करून बिदागीची वाट पाहायची, नाहीतर हस्तलिखित पुस्तकविक्रेत्याला विकून टाकायचे. कवी मिल्टनला ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यासाठी १६६७ साली हातात पाच पौंड मिळाले आणि पहिली आवृत्ती खपल्यावर आणखी पाच. १७१० साली लेखकाचा आपल्या पुस्तकावरचा हक्क मानणारा पहिला कायदा आला. नव्या पुस्तकाला चौदा वर्षांचे संरक्षण मिळाले, म्हणजे निदान सौदा करायला कवीच्या हाती काहीतरी आले.

आगाऊ वर्गणीचा मार्ग कवी ड्रायडनने १६९७ साली रोमन कवी व्हर्जिलच्या भाषांतरासाठी वापरला होताच. पोपने तो फार पुढे नेला. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याचे सहा खंड १७१५ ते १७२० या काळात निघाले, वर्गणी खंडाला एक गिनी. बर्नार्ड लिंटॉट या विक्रेत्याने खंडामागे दोनशे गिनी तर दिल्याच, शिवाय वर्गणीदारांच्या प्रती स्वतःच्या खर्चाने छापून दिल्या, म्हणजे ती वर्गणी सगळी कवीची. पोपच्या पदरी सुमारे पाच हजार पौंड पडले.

या पैशामागचे कष्ट आजही डोळ्यांनी पाहता येतात. पोपचा कच्चा खर्डा ब्रिटिश लायब्ररीत आहे. कागद वाचवण्यासाठी तो आलेल्या पत्रांच्या पाठीवर लिहायचा. एका बाजूला कुणाची तरी ख्यालीखुशाली, दुसऱ्या बाजूला ट्रॉयचे युद्ध, आणि यमकाने बांधलेली ओळींची जोडी जमेपर्यंत खाडाखोड. मला तरी त्याच्या कुठल्याही चरित्रापेक्षा हा कागद जास्त बोलका वाटतो.

१७१९ मध्ये त्याने ट्विकनमला टेम्सकाठी घर घेतले. पुढे एका कवितेत त्याने लिहिले की होमरच्या कृपेने मी जगतो आहे, कुठल्या राजाचा वा उमरावाचा मिंधा नाही. हे पूर्ण खरे मानता येत नाही, कारण वर्गणीदारांच्या छापील यादीत उमरावांचीच गर्दी होती. तरीही एकाच्या दारात उभे राहणे आणि शेकडो जणांना आपले पुस्तक विकणे यात मोठा फरक आहे, आणि तो पोपने इंग्रजी कवितेला दाखवून दिला.

सगळ्यांना हे साधले नाही. मळणी करणारा मजूर स्टीफन डक १७३० मध्ये आपल्या कवितांमुळे राणी कॅरोलाइनच्या आश्रयाला गेला. त्याने आपल्या कवितेत शेतावरच्या बायकांना आळशी ठरवले होते. त्याला हॅम्पशरच्या मेरी कॉलियर या धुण्याची कामे करणाऱ्या बाईने १७३९ मध्ये दीर्घ कविता लिहून उत्तर दिले: आम्ही शेतात राबतो, घरी येऊन रांधतो, पोरे सांभाळतो, आणि पहाटेच्या अंधारात परक्यांचे कपडे धुवायला निघतो. तिने ते पुस्तक पदरच्या पैशाने छापले. तोटा झाला नाही, पण फारसे काही मिळालेही नाही, नफा दुसऱ्यांनीच नेला, असे तिने पुढे लिहून ठेवले. साठी उलटेपर्यंत ती लोकांचे कपडे धूत होती.