टेलाचं पाणी: पाणी वापर संस्थांच्या प्रशिक्षणामागचा इतिहास

शहापूर तालुक्यातल्या एका गावात रब्बीच्या तोंडावर पाणी वापर संस्थेच्या, म्हणजे कालव्याचं पाणी मिळून वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या, सभासदांचं प्रशिक्षण होतं. शाळेच्या ओट्यावर सतरंज्या अंथरल्या होत्या, भिंतीला कालव्याचा नकाशा टांगला होता, पण खरा वर्ग भरला तो बाहेर, चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या लहान पाटाच्या काठावर. चारीत पाणी मोजायला लोखंडी पत्र्याचा व्ही-नॉच बसवला होता. पत्र्याला मधोमध काटकोनात कापलेली खाच, तिच्यातून पाणी पडतंय आणि बाजूला सेंटिमीटरची पट्टी रंगवलेली. प्रशिक्षकांनी विचारलं, "आत्ता १० सेंटिमीटरवर पाणी आहे. ते २० वर गेलं तर पाणी किती वाढेल?" सगळे एका सुरात म्हणाले, "दुप्पट." मग तक्ता वाचून दाखवला. १० सेंटिमीटरला सेकंदाला साडेचार लिटरपेक्षा थोडं कमी. २० सेंटिमीटरला जवळजवळ २५ लिटर. म्हणजे साडेपाच पटीहून जास्त. टेलाला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, शेती असलेले एक काका बराच वेळ त्या खाचेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे वरच्याने तीन बोटं पाणी उतरवलं, तर आमचं निम्मं गेलंच की!"

त्यांचा हिशेब बरोबर होता. पाणी २० सेंटिमीटरवरून १५ वर आलं की प्रवाह खरोखरच निम्मा होतो. इतकी वर्षं टेलाचे शेतकरी ज्याला नशीब म्हणत होते, ते त्या दिवशी पट्टीवर आकड्यात दिसलं. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कालव्याचं पाणी सांभाळायचं, त्यासाठी त्यांना शिकवायचं, ही कल्पना इथवर कशी आली, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मुळात सामाईक पाणी सांभाळणं महाराष्ट्राला कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत कित्येक शतकं चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कोणत्या फडात यंदा काय, हे पंच ठरवत. पिकाला पाणी द्यायला शेतकरी स्वतः जातच नसे. ते काम पाटकऱ्याचं. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवालदार, पिकाची राखण करायला जागल्या, आणि या सगळ्यांचा मोबदला शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस लागे. पाणी कमी असेल त्या वर्षी फडांची संख्या कमी करायची, पण ज्या फडाला द्यायचं त्याला पुरतं द्यायचं. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती म्हणजे पाणी देणारा माणूस कोणा एकाचा नसे. ज्याच्या शेतात पाणी जातंय, त्याच्या हातात फावडं नसायचं.

आमच्या ठाण्याच्या बाजूलाही अशी शिस्त होती, फक्त इथलं पाणी खारं होतं. माझं माहेर घणसोलीचं. आजोबांची शेती खाडीकाठच्या खारात होती. भरतीचं पाणी अडवायला बांध आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी, म्हणजे बांधातली दारं. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ती उघडतात, भरतीला बाहेरच्या जोराने मिटतात. बांधाला खांड पडली तर एकाच्या शेताचं नुकसान होत नाही, सगळा खार बुडतो आणि पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. म्हणून रात्री खांड पडल्याची हाक आली की प्रत्येक घरातून माणूस निघायचा. जुन्या ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत अशा काही जमिनींना शिलोत्री म्हणत. बांधाच्या डागडुजीसाठी शेतसाऱ्याशिवाय वेगळं भात जमा करायची रीत होती. १९४८ च्या खारजमीन कायद्याने आणि नंतर १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने ही कामं सरकारी योजनेत आली. आमच्याकडची शेती शहर उभं राहताना संपादनात गेली. उघाडीची लाकडी दारं मी लहानपणी पाहिली आहेत. आता तिथे रस्ता आहे.

इंग्रजांच्या काळात दख्खनमध्ये मोठे कालवे आले आणि पाण्याचा मालक बदलला. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालवा सरकारचा झाला आणि शेतकरी अर्जदार झाला. एम. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात इंजिनिअर असताना त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. मोजक्या जमिनीला ठरावीक वर्षांची पाण्याची हमी, आणि त्यात ऊस किती, बाकी पिकं किती याचं बंधन. पुढे राज्यभर शेजपाळी रुळली. हंगामी पाण्यासाठी ७ नंबरचा फॉर्म भरायचा, कालवा निरीक्षकाने पाळीपत्रक, म्हणजे कोणाला कधी पाणी याचा तक्ता, काढायचं, आणि पाणी टेलाकडून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीकडे, देत यायचं. टेल आधी, हेड नंतर, हा नियम कागदावर किती न्याय्य! पण गेट हेडजवळ असतं आणि रात्र मोठी असते. शिवाय पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर होती, पाणी किती घेतलं यावर नव्हती. शेत तुंबेपर्यंत पाणी घेणारा आणि जेमतेम भिजवणारा, दोघांची पट्टी सारखीच. अशा व्यवस्थेत पाणी वाचवायला कोण शिकेल?

स्वातंत्र्यानंतर धरणं झाली, पण पाणी शेतापर्यंत जाईना. १९७४-७५ मध्ये केंद्राने लाभक्षेत्र विकासाचा, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनी तयार करण्याचा, कार्यक्रम सुरू केला. शेतचाऱ्या खणल्या गेल्या, जमिनी सपाट झाल्या. १९८० मध्ये औरंगाबादला जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, उभी राहिली. सुरुवातीला तिथला भर अभियंते आणि कृषी अधिकारी यांना शिकवण्यावर होता. चारीवरच्या शेतकऱ्यालाही वर्गात बसवायला हवं, हे मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीत शेतकऱ्यांच्या सहभागाचा उल्लेख आला आणि महाराष्ट्रात दोन ठिकाणी त्याला अंग मिळालं.

पहिलं ठिकाण नेवासे तालुक्यातलं चांदा. मुळा उजव्या कालव्याच्या ७ नंबरच्या मायनरवर, म्हणजे उपकालव्यावर, १९८९ च्या सुमारास श्री दत्त सहकारी पाणी वापर संस्था उभी राहिली. संस्थेने विभागाकडून पाणी मोजून घ्यायचं, सभासदांना स्वतः वाटायचं आणि पट्टी स्वतः वसूल करायची. दुसरं ठिकाण दिंडोरीचं वाघाड धरण. त्याच्या कालव्याच्या अगदी शेवटाला ओझरचे शेतकरी. कालवा होता, पाणी नव्हतं. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०-९१ मध्ये टेलाच्या तीन संस्था बांधल्या आणि पाणी व्यवस्थापनात काम करणाऱ्या पुण्याच्या सोपेकॉम या संस्थेने त्यांना साथ दिली. ओझरकरांनी नाल्यांवर बंधारे घातले, विहिरींचं पाणी वाढवलं आणि कालव्याचं पाणी व विहिरीचं पाणी एकाच वहीत मांडायला सुरुवात केली. पुढे त्या धरणाखाली २४ संस्था झाल्या, त्यांचा महासंघ झाला आणि अख्ख्या प्रकल्पाचं वाटप शेतकऱ्यांकडे आलं.

ओझरची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात ऐकली आहे आणि दर वेळी मला एकच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ती चळवळ टेलाने सुरू केली. हेडच्या शेतकऱ्याला संस्थेची गरज वाटत नाही, त्याच्या दारात पाणी आहेच. शिकायची घाई ज्याला आहे, तिथून सुरुवात केली तर संस्था टिकते.

तोवरच्या संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदल्या जात. सभासद व्हायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, त्यामुळे एकाच चारीवर सभासद आणि बिगर सभासद शेजारी शेजारी. २००५ मध्ये महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम आला आणि हे बदललं. संस्थेचं क्षेत्र एकदा ठरलं की त्यातले सगळे जमीनधारक सभासद. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांचे सारखे प्रतिनिधी, महिलांना जागा राखीव. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून. पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं. कालवा ताब्यात देण्याआधी अधिकारी आणि शेतकरी यांनी मिळून चारीची पाहणी करायची, दुरुस्ती करायची, मग करार. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि जागतिक बँकेच्या मदतीचा जलक्षेत्र सुधार प्रकल्पही सुरू झाला. संस्था भराभर स्थापन झाल्या, आणि प्रशिक्षणाची घसरण झाली ती इथेच. संस्था किती झाल्या ते मोजलं गेलं. शिकलं कोण, ते कोणी विचारलं नाही. एक दिवसाचा वर्ग, हजेरीपट, जेवण, फोटो. अध्यक्षांना संस्थेचा शिक्का मिळाला, पण पट्टीवरचा आकडा कसा वाचायचा हे पाटकऱ्याला कोणी सांगितलं नाही. महिला संचालकांच्या नावापुढे घरातल्या पुरुषाची सही झाली, कारण सातबाऱ्यावर तिचं नावच नव्हतं.

कोकणात, म्हणजे आमच्या ठाणे जिल्ह्यात, आणखी एक अडचण. शेजपाळी, शेतचारी, सरी-वरंबा हे सगळे धडे काळ्या जमिनीवर तयार झालेले. इथे भाताची खाचरं. पाणी एका खाचरातून बांधावरून दुसऱ्या खाचरात उतरतं. प्रत्येकाला वेगळं मोजून द्यायला वेगळी चारीच नाही. जमिनी गुंठ्यांत. पावसाळ्यात कालव्याची कोणाला आठवण नाही, आणि डिसेंबर ते मे भेंडी, काकडी, मिरची पिकवणारे थोडे जण सगळ्यांचं पाणी वापरतात. त्यामुळे इथे माणशी मोजणी जमत नाही, वाडीला किंवा खाचरांच्या गटाला मोजणी करावी लागते. मला वाटतं, इथल्या प्रशिक्षणाने खारातल्या बांधाची आठवण काढावी. तिथेही कोणी एकट्याचं पाणी मोजत नव्हतं. सगळ्यांचं मिळून एक दार होतं.

या जिल्ह्यात मोजणीचा प्रश्न शेतीपुरता राहत नाही, कारण इथली धरणं शहरांना पाजतात. तानसा १८९२ चं. बारवी एमआयडीसीचं, १९७२ चं. भातसा धरण शहापुरात बांधलं ते सिंचन आणि मुंबईचं पाणी अशा दोन्हींसाठी. शहराचा वाटा नदीत सोडतात, तो पिसे बंधाऱ्याशी उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. तिथे पंपापंपाला मीटर आहे. शहर काल किती पाणी प्यायलं, हे रोज सकाळी कळतं. त्याच धरणाच्या कालव्यावर विचारलं की उत्तर येतं, "पाणी सुटलंय." किती सुटलं, टेलाला किती आलं, याची वही नाही. आणि ज्याची वही नाही त्याचा हक्क कालवा सल्लागार समितीत मांडणार कसा? २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योगाचा क्रम होता आणि शेती तिसरी होती. २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचं, याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघरमध्ये गेलेल्या सूर्या प्रकल्पाचं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळलं, तेव्हा तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला. ठाण्यात, नवी मुंबईत नळाखाली हंडा भरणारे आपण सगळे या वाटणीत आहोत. शहराला पाणी लागणारच. शेतकऱ्याचा वाटाही त्याच काटेकोरपणे मोजला जावा, एवढीच मागणी आहे.

म्हणून मी ज्या वर्गांना जाते तिथे पहिला तास कायद्याचा नसतो. पहिला तास एका गणिताचा असतो. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, पाणी एक तास चाललं तर एका एकरावर साधारण एक इंच उभं राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाया आपापल्या वाफ्याला किती तास हवेत ते भराभर सांगतात, आणि मग पाळीपत्रक वाचायची भीती जाते. दुसऱ्या दिवशी शिवारफेरी, हेडपासून टेलापर्यंत पायी. कुठे अस्तर फुटलंय, कुठे कोणी पाइप घातलाय, ते सगळ्यांसमोर नकाशावर मांडायचं, नाव न घेता. तिसऱ्यांदा जायचं ते पाणी सुटलं असताना, रात्री, बॅटरी घेऊन.

त्या शहापूरच्या गावात पहिल्या आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटलं त्या पहिल्या फेरीला, मी पुन्हा गेले होते. टेलाच्या काकांनी नातीची शाळेची चौकडीची वही मागून घेतली होती. दर तीन तासांनी पट्टीवरचा आकडा, वेळ आणि पाटकऱ्याची सही. पहाटे तीनच्या ओळीत आकडा १९ वरून १२ वर आलेला होता. काकांनी तो गोल करून ठेवला होता आणि सकाळी वही काखेत मारून ते हेडच्या घराकडे निघाले होते.