पोलिस व न्यायालयीन मालिकांतील नैतिक पेच

पोलिस तपास आणि न्यायालयीन खटले यांभोवती गुंफलेल्या दूरचित्रवाणी मालिकांत पात्रासमोर दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड उभी राहतात आणि एक पाळले की दुसरे मोडल्याचा दोष माथी येतोच, अशा प्रसंगाला नैतिक पेच म्हणतात. ‘धर्मसंकट’ हा जुना शब्द या अर्थाच्या अधिक जवळ जातो, कारण त्यात धर्म आणि अधर्म समोरासमोर नसतात, दोन्ही बाजूंना धर्मच असतो. लाच घ्यावी की घेऊ नये हा मोह झाला. लाच घेणारा सहकारीच अपहृत मुलाचा ठावठिकाणा जाणणाऱ्या खबऱ्यापर्यंत पोहोचण्याचा एकमेव दुवा असेल, तर त्याला आज पकडून द्यावे की मूल सापडेपर्यंत गप्प बसावे, हा पेच झाला. मालिकांच्या जाहिरातींत पेच म्हणून मिरवणाऱ्या पुष्कळ गोष्टी प्रत्यक्षात मोहाच्याच असतात.

या पेचांचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे नियम आणि निष्पत्ती यांतील ओढाताण. झडतीचे वॉरंट, आरोपीचा गप्प राहण्याचा हक्क, वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयता, संशयाचा फायदा आरोपीला देण्याचे तत्त्व, हे सारे एका गृहीतकावर उभे आहेत: खरे काय घडले हे तपास अधिकाऱ्याला, वकिलाला किंवा न्यायाधीशाला आधीपासून ठाऊक नसते. दहा अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराधाला शिक्षा होऊ नये, हे विल्यम ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताचे अठराव्या शतकातील प्रतिपादनही माणसाच्या या अज्ञानाची कबुलीच होय. कॅमेऱ्यावर असे बंधन नसते. तो प्रेक्षकाला खून होत असलेल्या खोलीत नेऊन आणतो, आरोपीच्या चेहऱ्यावर एकांतात उमटलेले हसू दाखवतो, आणि मग न्यायाधीश पुरावा बेकायदा ठरवून बाजूला ठेवतो तेव्हा प्रेक्षक चरफडतो. ज्याला सर्व काही माहीत आहे त्याला नियम हा अडथळाच वाटणार. म्हणून मालिकेतील एखादा पेच कितपत खरा आहे हे जोखायचे तर पात्र काय निवडते यापेक्षा, निवडीच्या क्षणी प्रेक्षकाला पात्राहून अधिक माहिती पुरवली आहे का, हे आधी पाहावे लागते.

सुरुवातीच्या मालिकांना हा प्रश्न फारसा पडला नव्हता. रेडिओवरून १९५१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर आलेली ‘ड्रॅगनेट’ लॉस अँजेलिस पोलिसांच्या सहकार्याने आणि त्यांच्याच दप्तरातील प्रकरणांवरून तयार होई. तिच्यातील पोलिस शिस्तीचा आणि सहसा न चुकणारा. ‘पेरी मेसन’मध्ये (१९५७–६६) नायक-वकिलाचे अशील जवळजवळ नेहमी निर्दोष निघत आणि खरा गुन्हेगार उलटतपासणीत कोसळून कबुली देई, त्यामुळे अपराधी माणसाचा बचाव करावा का, हा वकिलीतला सर्वांत जुना प्रश्न तिला सहसा विचारावाच लागत नसे. तो ‘द डिफेंडर्स’ने (१९६१–६५) विचारला. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरच्या खटल्यावरील तिचा १९६२ मधील भाग इतका झोंबला, की नेहमीच्या प्रायोजकांनी त्या भागापुरत्या आपल्या जाहिराती काढून घेतल्या.

याच दशकात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लागोपाठ काही निर्णय दिले. बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वगळावा (१९६१), ऐपत नसलेल्या आरोपीला गंभीर खटल्यात सरकारने वकील द्यावा (१९६३), आरोपीला उपयोगी पडणारा पुरावा सरकारी पक्षाने दडवू नये (१९६३), आणि ताब्यातील संशयिताला चौकशीपूर्वी त्याचे हक्क सांगावेत (१९६६). पुढच्या पटकथाकारांच्या हाती हे घबाडच लागले, कारण यांतील प्रत्येक निर्णय म्हणजे एकेका कथानकाचा कणा आहे. शेवटच्या, म्हणजे मिरांडा खटल्यातील, सूचनेचे शब्द मालिकांनी घरोघरी पाठ करून घेतले. पुढे २००० मध्ये तो निर्णय फिरवण्यास नकार देताना त्याच न्यायालयाने ही सूचना राष्ट्रीय संस्कृतीचा भाग बनल्याचे नमूद केले.

मालिकेची बांधणी कशी आहे यावर पेचाचे आयुष्य अवलंबून असते. तासाभरात प्रकरण मिटवणाऱ्या मालिकेत निर्णयाची किंमतही तासाभरातच वसूल होते. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’पासून (१९८१–८७) अनेक कथासूत्रे भागामागून भाग चालू ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि एका भागातील खोटी साक्ष पाच भागांनंतर अंगाशी येणे शक्य झाले. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘लॉ अँड ऑर्डर’ने उलट एकाच भागाचे दोन तुकडे केले: पूर्वार्धात पोलिसांचा तपास, उत्तरार्धात सरकारी वकिलांचा खटला. पूर्वार्धात घाईने उघडलेले एक कपाट उत्तरार्धात अख्खा खटला बुडवते. अपराधी दिसणाऱ्या माणसाला कमी शिक्षेच्या तडजोडीवर कबुली द्यायला लावावी की पुरा खटला चालवून हरण्याचा धोका पत्करावा, हा सरकारी वकिलाचा रोजचा हिशेब तिने लोकांच्या परिचयाचा केला.

सर्वांत समृद्ध पेच चौकशीच्या खोलीत सापडतात. ‘होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट’ या बाल्टिमोरमध्ये घडणाऱ्या मालिकेचा मार्च १९९३ मधील एक भाग या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. अकरा वर्षांच्या मुलीचा खून झालेला आहे, संशयित एक वयस्क फेरीवाला आहे आणि त्याच्याकडून कबुली काढण्यासाठी दोन तपास अधिकाऱ्यांना बारा तास मिळाले आहेत. जवळपास सगळा भाग त्या एका खोलीत घडतो. एक जण चुचकारतो, दुसरा तुटून पडतो. मग भूमिका बदलतात. म्हातारा थकतो, रडतो, आणि एका टप्प्यावर समोरच्या दोघांच्याच वर्मावर बोट ठेवतो. त्या मुलीवर आपला जीव होता हे तो सांगतो, पण खुनाची कबुली देत नाही. शेवटी त्याच्या अपराधाबद्दल सुरुवातीपासून ठाम असलेला अधिकारी साशंक होऊन बाहेर पडतो आणि साशंक असलेला ठाम होऊन. प्रेक्षकाला खून दाखवलेला नाही, पुढेही दाखवला जात नाही. त्या बारा तासांत एका निरपराधाची विटंबना झाली की एका खुन्याला मोकळे सोडले गेले, याचा निवाडा कोणी करत नाही, आणि या अनिर्णयातच त्या भागाचे सामर्थ्य आहे.

चौकशीत खोटे बोलावे का, याचे उत्तर देशागणिक बदलते आणि त्यानुसार पेचाची जागाही बदलते. साथीदाराने कबुली दिल्याची थाप पोलिसांनी मारली तरी तेवढ्याने आरोपीची कबुली बाद होत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ठरवले. त्यामुळे तिकडच्या मालिकांत थाप हे कौशल्य मानले जाते. जर्मनीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फसवणुकीने मिळवलेला जबाब वापरण्यास मनाई आहे. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही हे तत्त्व कायम ठेवले; मात्र ताब्यातील आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढ्यापुरते त्याचे बोलणे ग्राह्य धरले जाते. साहजिकच येथे पेच कबुलीपाशी न थांबता पंचनाम्याकडे सरकायला हवा: सुरी खरोखर त्याने दाखवली, की आधी सापडलेली सुरी त्याच्या तोंडी घातली? परदेशी साच्यावरून बेतलेल्या मालिकांना याचा विसर पडतो. पोलिस कोठडीतील कबुलीवर शेवटचा पडदा टाकणारी भारतीय कथा कायद्याच्या दृष्टीने अर्ध्यावरच संपलेली असते.

‘द शील्ड’च्या २००२ मधील पहिल्याच भागात बेपत्ता मुलीचा पत्ता काढण्यासाठी एक पोलिस अधिकारी चौकशीच्या खोलीतला कॅमेरा निकामी करून संशयिताला बदडतो. मुलगी सापडते आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. त्याच भागाच्या शेवटी तोच अधिकारी आपल्याविरुद्ध माहिती देणार असलेल्या सहकाऱ्याला गोळी घालतो. दोन्ही कृत्यांमागचा हात एकच, हे पाहिल्यावर पहिल्या प्रसंगातला निःश्वास प्रेक्षकाला परत घ्यावासा वाटतो. नियम मोडण्याचे समर्थन आणि त्याची परिणती इतक्या जवळजवळ ठेवणाऱ्या मालिका थोड्या आहेत.

बॉम्ब फुटायला तासभर उरला आहे आणि तो कोठे ठेवला हे एकाच माणसाला ठाऊक आहे, अशा स्थितीत छळ क्षम्य ठरतो का, हा पेच २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्वेंटी फोर’ने घड्याळ पडद्यावरच ठेवून वापरला. तिचा परिणाम इतका जाणवला, की २००६ मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या अधिष्ठात्यांनी निर्मात्यांची भेट घेऊन छळ यशस्वी होताना दाखवणे कमी करावे अशी विनंती केली. प्रत्यक्षात असा प्रसंग येतो तेव्हा तो पटकथेइतका सुबक नसतो. फ्रँकफुर्टमध्ये २००२ साली अकरा वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले; संशयित बोलेना, तेव्हा पोलिस उपप्रमुखाने त्याला असह्य वेदना देण्याची धमकी देण्याचा आदेश दिला. धमकीनंतर त्याने जागा सांगितली, पण मुलगा आधीच मारला गेला होता. उपप्रमुख २००४ मध्ये दोषी ठरला, मात्र न्यायालयाने दंडाची अंमलबजावणी राखून ठेवली. धमकीच्या प्रभावाखाली दिलेले आधीचे जबाब खटल्यातून वगळले गेले, तरी आरोपीने न्यायालयात नव्याने दिलेल्या कबुलीवर त्याला जन्मठेप झाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये ती धमकी अमानुष वागणूक ठरवली. ज्याचा प्राण वाचवायचा तो जिवंतच नाही, ही शक्यता घड्याळाच्या कथा क्वचितच विचारात घेतात.

वकिलांचे पेच अधिक मूक असतात आणि म्हणून पडद्यावर आणायला अवघड. न्यूयॉर्क राज्यात १९७३ मध्ये एका खुनाच्या आरोपीने आपल्या दोन वकिलांना आणखी दोन मृतदेह कोठे आहेत हे सांगितले. वकिलांनी जाऊन ते पाहिले आणि अशिलाची गोपनीयता पाळून महिनोन्‌महिने मौन राखले. बेपत्ता मुलीच्या वडिलांनी भेटून विचारले तरी तोंड उघडले नाही. पुढच्या वर्षी खटल्यात ही गोष्ट बाहेर आल्यावर लोक खवळले, एका वकिलावर खटला भरला गेला, पण तो टिकला नाही. हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत अनेक मालिकांत डोकावतो, आणि बहुतेक ठिकाणी वकील शेवटी कसली तरी चिठ्ठी पाठवून वा सूचक वाक्य बोलून पोलिसांना इशारा देतो. पटकथाकाराने घेतलेली ही पळवाट होय. खरा पेच त्या वडिलांसमोर बसून गप्प राहण्यात आहे. अशील साक्षीच्या पिंजऱ्यात खोटे बोलणार हे माहीत असलेल्या वकिलाचा पेचही याच जातीचा. ‘मला काय घडले ते सांगूच नकोस’ असे बजावणारे मालिकांतले वकील त्याच्यापासून पळ काढत असतात, आणि हे अज्ञान त्यांनी जाणूनबुजून पत्करलेले असते.

सहकाऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी की नाही, हा पेच पोलिस मालिकांत सर्वाधिक वेळा येतो, पण अतिवापराने बोथट झाला आहे.

प्रेक्षकालाही अज्ञानात ठेवण्याचे प्रयोग मात्र लक्षणीय आहेत. ब्रिटनमधील ‘क्राउन कोर्ट’मध्ये (१९७२–८४) काल्पनिक खटल्याची ज्यूरी सामान्य नागरिकांतून निवडली जाई. तिचा मुखिया तेवढा नट असे, निकाल ज्यूरीचा खरा असे आणि नटांना दोन्ही शेवटांची तयारी ठेवावी लागे. बीबीसीच्या २००८ मधील ‘क्रिमिनल जस्टिस’मध्ये एक तरुण जागा होतो तेव्हा जिच्यासोबत रात्र घालवली ती तरुणी मरून पडलेली असते आणि खून आपण केला का, हे त्यालाही आठवत नसते, ही कथा पुढे अमेरिकेत (२०१६) आणि भारतात (२०१९) तेथील कायद्यांत बसवली गेली.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये १७ ऑक्टोबर २०१६ रोजी एकाच वेळी दाखवलेल्या ‘टेरर’ या न्यायालयीन चित्रपटाने निकालच प्रेक्षकांकडे सोपवला. अपहृत विमान सत्तर हजार प्रेक्षकांच्या स्टेडियमवर कोसळू नये म्हणून एका लढाऊ वैमानिकाने आदेश डावलून ते पाडले आणि त्यातील १६४ जण मेले. तो दोषी की निर्दोष? जर्मनीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांनी त्याला निर्दोष ठरवले. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मात्र २००६ मध्येच असे विमान पाडण्याची मुभा देणारी तरतूद मानवी प्रतिष्ठेच्या तत्त्वावर रद्द केली होती. कृत्य बेकायदा असणे आणि ते करणाऱ्याला दोष देणे या जर्मन कायद्यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, त्या एका होकार-नकारात कोंबल्या, असा आक्षेप कायद्याच्या जाणकारांनी घेतला. कथेतील सरकारी वकिलीणबाईंनी साक्षीच्या वेळी आणखी एक साधा प्रश्न विचारलेला असतो: हाताशी वेळ असताना स्टेडियम रिकामे का केले नाही? प्रेक्षकांपुढे ठेवलेल्या दोन पर्यायांत त्या प्रश्नाला जागा नव्हती.