जुनी नाणी परदेशी नेताना, जमिनीत सापडल्यावर आणि हातानं घडवताना: अर्ज, कागदपत्रं आणि नेमकं कुठे अडतं

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या काही नाण्यांवर देवनागरीत १९४९ असा आकडा आहे. तो वाचून लोक, नाणं परदेशी नेण्याआधी 'ही वस्तू पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र मागायच्या अर्जात 'नाण्याचे वर्ष १९४९' असं लिहितात आणि नाणं शंभर वर्षांच्या आतलं आहे असं समजून निर्धास्त होतात. तो आकडा विक्रम संवताचा आहे. इसवी सन १८९२. म्हणजे नाणं शंभरी कधीच ओलांडून गेलेलं, आणि ज्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला ते त्याला मिळूच शकत नाही. एका आकड्यापायी विमानाची तिकिटं वाया गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

देशाबाहेर नेण्यासाठीचं प्रमाणपत्र

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून जास्त वर्षं जुनं नाणं ही पुरावस्तू. ती भारताबाहेर नेण्याची मुभा फक्त केंद्र सरकारला किंवा त्यानं अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. खासगी व्यक्तीला नाही. भावाला भेट म्हणून नाही, पार्सलनं नाही, ऑनलाइन विकून पाठवलं तरी नाही. उल्लंघनाला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद, वर दंड, आणि सीमाशुल्क खातं माल ताब्यात घेतं ते वेगळंच.

मग अर्ज कशाचा करायचा? 'माझी वस्तू पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र मिळवण्याचा. ही निर्यातीची परवानगी नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसू द्या. अर्जात 'माझी पुरातन, दुर्मिळ, अँटिक नाणी परदेशी नेण्यास परवानगी द्यावी' असं वाक्य लिहिणारे पुष्कळ जण भेटतात. वस्तू पुरातन आहे हे त्यांनी स्वतःच लेखी दिलेलं असतं! अर्जात विशेषणं नकोत. राज्यकर्ता, मूल्य, धातू, वजन, व्यास, नाण्यावरचं वर्ष आणि त्याचं इसवी सन, एवढंच लिहा.

अर्ज जातो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. ही केंद्राची संस्था आहे. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय हे वेगळं कार्यालय. तिथे दिलेला अर्ज फिरत राहतो आणि 'हा विषय आमच्याकडे नाही' असं तुम्हाला कळेपर्यंत महिना उलटतो. अर्जासोबत ओळखपत्र, यादी, दोन्ही बाजूंची छायाचित्रं, आणि तपासणीच्या दिवशी नाणी प्रत्यक्ष. एखादी वस्तू पुरावस्तू आहे की नाही यावर सर्वेक्षणानं दिलेला निर्णय अंतिम असतो, त्यामुळे खिडकीवर वाद घालून काही हाती लागत नाही.

वर्ष काढण्याची रीत सोपी आहे, पण काळजी हवी. विक्रम संवतातून ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांसाठी ५६. शकात ७८ मिळवा. हिजरी सनाला अशी सरळ वजाबाकी चालत नाही, कारण चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. निजामाच्या नाण्यावरचं १३३७ म्हणजे इसवी सन १९१८-१९. तक्ता पाहून लिहा, अंदाजानं नको.

काठावरच्या नाण्यांचा घोळ सगळ्यात मोठा. पाचव्या जॉर्जची कारकीर्द १९१० ते १९३६. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांची नाणी शंभरीपार गेली आहेत, शेवटच्या वर्षांची अजून नाहीत, आणि दर वर्षी एकेक साल पुरावस्तूंच्या बाजूला सरकतं. 'मागच्या वेळी याच नाण्याला प्रमाणपत्र मिळालं होतं' हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. सहाव्या जॉर्जचे १९३८ ते १९४७ चे रुपये सध्या या मर्यादेच्या आत आहेत. कागदी नोटांबाबत एक जास्तीची खबरदारी घ्या. ऐतिहासिक मूल्य असलेल्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना कायदा ७५ वर्षांचीच मर्यादा लावतो, तेव्हा ७५ च्या पुढची नोट असेल तर तीही यादीत घालून दाखवून घ्या.

छायाचित्रांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे बिचारे प्रामाणिक लोक अडकतात. शिवराई हातानं ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. त्यामुळे एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' एकाच नाण्यावर पूर्ण उमटलेलं क्वचितच दिसतं. मोबाइलनं उजेडात काढलेल्या फोटोत तर नुसता तांबडा गोळा येतो. उजेड एका बाजूनं तिरका पडू द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि जी अक्षरं खरोखर दिसतात तेवढीच अर्जात लिहा. न दिसणारी अक्षरं पुस्तकातून उतरवली की तपासणाऱ्याच्या मनात शंका येते. आणि फोटो चांगला यावा म्हणून नाणं चिंचेनं किंवा लिंबानं घासू नका. वरचा थर गेला की नाण्याची ओळख पटवणारी खूणच जाते.

जो कागद कुणाकडेच नसतो

'हे तुमच्याकडे आलं कुठून?' या प्रश्नाचं उत्तर देणारा कागद. कुठल्याही टेबलावर जा, हा प्रश्न येतोच, आणि दहातले नऊ संग्राहक इथे गप्प होतात. बाजारात चहा पिता पिता घेतलेल्या नाण्याची पावती कोण मागतो? आजीच्या बटव्यातल्या रुपयांचं बिल कुठून आणायचं? हे कार्यालयांनाही ठाऊक आहे, तरी अर्जदाराला पर्याय समजावून सांगण्याची तसदी फार थोडे कर्मचारी घेतात. याची चीड येते.

पर्याय आहेत. वाटणीपत्रात किंवा मृत्युपत्रात 'चांदीची नाणी नग इतके' अशी ओळ असेल तर तिची प्रत लावा. लिलावातून घेतलं असेल तर त्या यादीचं पान आणि पैसे दिल्याची बँकेतली नोंद लावा. यातलं काहीच नसेल तर स्वतःचं प्रतिज्ञापत्र द्या: कुणाकडून, साधारण कोणत्या वर्षी, कसं मिळालं. पण त्यात खरं तेच लिहा. 'वडिलोपार्जित' हा शब्द लोक सरसकट ठोकून देतात आणि त्याच थैलीत मागच्या वर्षी ऑनलाइन घेतलेलं नाणं निघतं. मग खरी असलेली बाकीची विधानंही कुणी मानत नाही. इथून पुढे नाणं घराच्या आत आलं की त्याच दिवशी वहीत तारीख, विकणारा, किंमत आणि वजन लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

पाया खणताना हंडा सापडला तर

इथे १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपवलेलं मूल्यवान काहीही म्हणजे निधी, त्यामुळे जुन्या वाड्याच्या भिंतीतून निघालेली थैलीसुद्धा यात येते. मर्यादा किती? दहा रुपये. अनेकांना ही छपाईची चूक वाटते. चूक नाही. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही सापडलं की शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यायची.

सरपंचांना सांगितलं, तलाठ्यांच्या कानावर घातलं, पोलीस येऊन पाहून गेले, यातलं काहीही ही सूचना होत नाही. कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे हवा. त्यात तीन गोष्टी: काय सापडलं आणि अंदाजे किती मोलाचं, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला. आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नाणी जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, किंवा मागाल तेव्हा हजर करू असा जामीन द्यायचा.

सूचना कुणाच्या नावानं, इथे खरी गल्लत होते. कुदळ मारणारा मजूर हा सापडणारा, जमिनीचा मालक हा जागेचा धनी. कायद्यात दोघं वेगळे आहेत. निधी बेवारस ठरला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, उरलेला मालकाचा. मालक स्वतःच्याच नावानं कागद देतो आणि मजुराचं नाव त्यात येतच नाही, असं घडतं. घरमालकांना कळकळीची विनंती आहे, मजुराला लिहिता येत नसेल तर त्याच्या नावानं अर्ज लिहून द्या आणि त्याचा अंगठा घ्या. आणि मजूर बांधवांनो, जागच्या जागी मूठमूठ वाटून घेऊ नका. सूचना दिली नाही तर सापडणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चार नाण्यांपायी हक्काचा मोठा वाटा घालवलेले लोक आहेत.

पुढे जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना हजर राहण्याची तारीख देतात. ती तारीख प्रसिद्धीनंतर चार महिन्यांच्या आधीची नसते आणि सहा महिन्यांच्या नंतरची नसते. 'चार महिन्यांत नाणी परत मिळतील' असा याचा अर्थ लोक लावतात. चार महिन्यांनी फक्त चौकशीला सुरुवात होते. आजोबांनी पुरलं होतं असा दावा असेल, तर पुरणं गेल्या शंभर वर्षांतलं आहे आणि तुमचा वारसा त्यांच्याकडून येतो, या दोन्हींचा पुरावा गोळा करायला हेच महिने आहेत. नाणी सरकारनं ठेवून घ्यायची ठरवली, तर मोबदला मिळतो धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. संग्राहक जी किंमत देईल तिच्या जवळपासही हा आकडा जात नाही. मला ते अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा तसा आहे आणि त्याची कल्पना आधी असलेली बरी.

हातानं नाणी घडवणाऱ्यांसाठी

यासाठी अर्जाचा नमुना शोधत बसू नका. पाहायची आहे ती मनाई. २०११ च्या नाणे कायद्यानुसार सरकारी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं, आणि कुठलाही धातूचा तुकडा पैसा म्हणून वापरायला काढणं हा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे चकत्यांसाठी तांबं-पितळ बाजारातून आणा, चालू नाणी आटवू नका. तुमच्या नाण्यावर रुपयाचं मूल्य नको, अशोकस्तंभाचं राजचिन्ह नको. जुन्या नाण्याची हुबेहूब नक्कल करत असाल तर 'प्रतिकृती' हा शब्द ठशातच कोरा. नंतर मागे चिकटवलेली चिठ्ठी गळते, आणि ते नाणं तिसऱ्या हातात अस्सल म्हणून विकलं जातं.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे. वाजवी गरजेपेक्षा खूप जास्त नाणी दर्शनी किमतीहून वेगळ्या दरानं विकण्यासाठी साठवणं हाही गुन्हाच. चालू नाण्यांची पोती भरून ठेवणाऱ्यांनी ते वाचावं.

नोटा

२०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा कुणालाही एकूण दहापर्यंत ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणेशास्त्रासाठी ही मर्यादा २५ आहे. दोन्ही मूल्यांच्या नोटा मिळून २५, प्रत्येकी २५ नव्हे. जास्त निघाल्या तर दहा हजार रुपये किंवा त्या नोटांच्या दर्शनी मूल्याच्या पाचपट, यातली मोठी रक्कम असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. जुनं नाणं लाखात घेतो, आधी रिझर्व्ह बँकेचं शुल्क भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही आणि असं शुल्कही घेत नाही, हे तिनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेलं आहे.