सोसायटीत रॅम्प हवाय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

'आमची खासगी सोसायटी आहे, तो कायदा सरकारी इमारतींना.' पुण्यात रॅम्प मागणाऱ्याला कमिटीकडून हेच ऐकवलं जातं, आणि लोक गप्प बसतात. बसू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये 'खासगी आस्थापना'च्या व्याख्येत सहकारी संस्था स्पष्ट लिहिलेली आहे. अर्जात तीच व्याख्या (कलम २) आणि भेदभावाला मनाई करणारं कलम ३ नमूद करा.

पाच वर्षांची मुदत मात्र लिहू नका. ती कलम ४५ मधली, जुन्या सार्वजनिक इमारतींत अशा सोयी करण्यासाठीची. 'मुदत संपली, तुम्ही बेकायदा' असं लिहिलंत की सेक्रेटरी त्या एका ओळीवर सगळा अर्ज उडवतात.

कागदपत्रं: आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, राहत्या घराचा पुरावा. भाडेकरू असाल तर घरमालकाची सही घ्या. दाखल्यावर ४० टक्के दिव्यांगत्व नाही म्हणून कोणी परत पाठवलं, तर त्यांना सांगा की ती अट आरक्षणासारख्या सवलतींसाठी आहे. त्याहून कमी असेल तरी पांढरं यूडीआयडी कार्ड मिळतं.

खरा घोळ मंजूर नकाशाचा. रॅम्प कुठे बसेल हे त्यावरून ठरतं, आणि जुन्या सोसायट्यांकडे तो बहुधा नसतोच. बिल्डरने दिलेला नाही, कमिटीने मागितलेला नाही! महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जाने प्रत मागा. कायद्याने ३० दिवस आहेत. हे काम पहिल्याच दिवशी करा, नाहीतर बाकी सगळं त्यासाठी ताटकळतं.

आणि जागा मोजूनच अर्ज करा. उतार एकास बारा लागतो. लॉबीच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट असतील, तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. पायऱ्यांवर पत्रा टाकून 'झालं की रॅम्प' म्हणणाऱ्यांना हे टेप लावून दाखवा. तसल्या पत्र्यावरून व्हीलचेअर मागे उलटते.

अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर त्या पोचेसह पुण्यातल्याच दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करा. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. निकाल मात्र शिफारशीच्या रूपात येतो. त्यावर काय केलं, किंवा का केलं नाही, हे सोसायटीला तीन महिन्यांत कळवावं लागतं. ती तारीख तुम्हीच लिहून ठेवा, कार्यालय आठवण करून देणार नाही.