पत्र तपासायला देण्याआधी: 'बाय', 'अंटिल', 'फॉर' आणि आपले मराठी प्रत्यय

मराठीत 'कपाटात', 'कपाटावर' म्हणताना नातं सांगणारा तुकडा नामाच्या शेवटी चिकटतो. इंग्रजीत तो नामाआधी आणि सुटा येतो: 'इन द कबर्ड', 'ऑन द कबर्ड'. एवढं सगळ्यांना जमतं. अर्ज, कोटेशन, ई-मेल यांत घोळ होतो तो एका मराठी प्रत्ययाला एकच इंग्रजी शब्द ठरवून टाकल्यामुळे.

सगळ्यात महागात पडणारा प्रत्यय 'पर्यंत'. 'सोमवारपर्यंत पैसे भरा' ही मुदत आहे, काम एकदाच व्हायचंय: 'पे बाय मंडे'. 'ऑफर सोमवारपर्यंत चालू आहे' ही तोवर टिकणारी स्थिती: 'द ऑफर इज ओपन अंटिल मंडे'. 'पे अंटिल मंडे' लिहिलंत तर सोमवार उजाडेपर्यंत भरतच राहा, असा अर्थ निघतो. शंका आली की मराठी वाक्यात 'उशिरात उशिरा' घालून पाहा. बसलं तर 'बाय', नाही तर 'अंटिल'. करारात मात्र 'बाय'वरही थांबू नका. सोमवार धरायचा की नाही यावरून वाद नको, म्हणून 'ऑन ऑर बिफोर मंडे' लिहा.

'पासून'चंही तसंच. कालावधी असेल तर 'फॉर फाइव्ह इयर्स', सुरुवात सांगायची असेल तर 'सिन्स 2019'. काम अजून चालू असेल तर दोन्हीकडे 'आय ॲम वर्किंग' नव्हे, 'आय हॅव बीन वर्किंग'.

'किमतीविषयी चर्चा केली' यातला 'विषयी' उचलून 'वी डिस्कस्ड अबाउट द प्राइस' लिहिलं जातं. 'डिस्कस' क्रियापद असेल तर 'अबाउट' नको. 'डिस्कशन' हे नाम असेल तर हवा. हाच हिशेब आणखी दोन ठिकाणी चालतो: 'रिक्वेस्ट अ रिफंड', पण 'अ रिक्वेस्ट फॉर अ रिफंड', 'ऑर्डर 50 बॉक्सेस', पण 'ॲन ऑर्डर फॉर 50 बॉक्सेस'. पत्राच्या शेवटचं 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'ही चूक. इथे 'टू'नंतर 'मीटिंग यू' येतं.

आता वाक्यातली तुकड्याची जागा. 'वी आर रिटर्निंग द पंप टू द डीलर विथ द ब्रोकन सील.' फुटलेलं सील कोणाचं? या वाक्यात ते डीलरला जाऊन चिकटलंय. 'विथ द ब्रोकन सील' उचलून 'पंप'च्या लगेच पुढे ठेवा, काम झालं. 'फुटलेल्या सीलचा पंप' म्हणणाऱ्या आपल्याला हा प्रश्न पडतच नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो.

मधल्या तुकड्याने क्रियापदही फसतं: 'द लिस्ट ऑफ आयटम्स इज अटॅच्ड'. मधलं 'आयटम्स' पाहून 'आर' लिहिलं जातं, पण जोडलीय ती यादी, म्हणून 'इज'.

बैठकीच्या निमंत्रणात आपण आधी वेळ, मग ठिकाण सांगतो. इंग्रजीत सहसा ठिकाण आधी: 'ॲट अवर ऑफिस ऑन मंडे ॲट 4 पीएम'. घड्याळाला 'ॲट', वार-तारखेला 'ऑन', महिना-वर्षाला 'इन'. 'नेक्स्ट मंडे', 'लास्ट वीक' यांच्याआधी काहीच नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' आम्ही खोडतो.

आमच्याकडे मजकूर तपासायला देताना मुदतीची वाक्यं मराठीतही लिहून द्या. 'अंटिल' चुकून पडलंय की तुम्हाला खरंच तेच म्हणायचंय, हे नुसत्या इंग्रजीवरून आम्हाला कळत नाही.