व्होल्ट भागिले अँपिअर : या साध्या भागाकारामागची पार्श्वभूमी

१००० वॅटच्या इस्त्रीचं गणित आज कुठलाही वायरमन उभ्याउभ्या करतो. १००० भागिले घरातल्या विजेचे २३० व्होल्ट म्हणजे साधारण ४.३५ अँपिअर, आणि २३० ला ४.३५ ने भागलं की जवळपास ५३ ओहम. व्होल्टेज (विजेचा दाब) आणि करंट (प्रवाह) कळला की रजिस्टन्स (तारेचा अडथळा) आणि पॉवर (वॅटमध्ये मोजतो ती) दोन्ही हातात येतात, आणि हे इतकं अंगवळणी पडलंय की शाळेतसुद्धा फॉर्म्युला फळ्यावर लिहून थेट उदाहरणं सुरू होतात. पण व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रजिस्टन्स हा नियम ओहमने शोधला तेव्हा व्होल्टमीटर नव्हता, अ‍ॅमीटर नव्हता, व्होल्ट आणि अँपिअर ही मापंसुद्धा ठरलेली नव्हती, मग त्याने भागलं काय आणि कशाने, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

गेऑर्ग सायमन ओहमचा जन्म १७८९ चा, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर, पण स्वतः शिकून गणितात तयार झालेले, त्यामुळे पोराच्या हातात गणितही आलं आणि हत्यारंही. पुढे तो कोलोनच्या शाळेत शिकवायला लागला आणि तिथल्याच प्रयोगशाळेत विजेच्या मागे लागला. १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं होतं की तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसुई हलते, म्हणजे सुई किती वळते यावरून करंट मोजायची सोय झाली होती.

१८२५ मधला त्याचा पहिला पेपर मात्र चुकला. त्याने घेतलेली बॅटरी त्या काळातली, तार जोडली की तिचा जोर घसरत जायचा, त्यामुळे तार लांब केल्याने करंट कमी झाला की बॅटरी दमल्याने हे वेगळं काढताच येईना आणि त्यातून त्याने लॉगरिदमवाला फॉर्म्युला काढला जो टिकला नाही. तेव्हा जर्नलचा संपादक पोगेनडॉर्फ याने सुचवलं की बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. सीबेकने १८२१ मध्ये शोधलेली ही गोष्ट, दोन वेगळ्या धातूंचे जोड, एक गरम एक गार, की वीज तयार होते. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं, एक जोड उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं जागची हलत नाहीत, म्हणून वीजही स्थिर. माझ्या मते नियम खरा सापडला तो इथेच, बाकी पुढचं मोजमाप.

मग जानेवारी १८२६ मध्ये त्याने एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या, २ इंचापासून १३० इंचापर्यंत, आणि एकेक जोडून करंटमुळे वळलेली सुई मूळ जागी परत आणायला ती जिला टांगली होती ती पट्टी किती पिळावी लागते ते मोजलं. करंटचा फॉर्म्युला निघाला तो असा : ७२८५ भागिले (२०.२५ अधिक तारेची लांबी). १३० इंच घालून बघा, साडेअठ्ठेचाळीस येतात, आणि त्याच्या उपकरणानेही तेच दाखवलं होतं! यातले २०.२५ म्हणजे बाकीच्या सर्किटचा अडथळा, तांब्याच्या तारेच्या इंचांत मांडलेला. पुढे त्याने दोन जोडांमधला तापमानाचा फरक कमी करून बघितलं तर वरचा आकडा कमी झाला पण २०.२५ तसाच राहिला. म्हणजे वर व्होल्टेज, खाली रजिस्टन्स, दोन्ही एकमेकांपासून सुटे झाले. आपण जे डोळे झाकून भागतो ते हेच.

१८२७ च्या पुस्तकात त्याने हे सगळं जड गणितात मांडलं, स्वागत थंड झालं, कोलोनची नोकरीही सुटली. खरा मान मिळाला तो १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कॉप्ली मेडलने.

पॉवरची वाट मात्र वेगळीच, ती इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या बिअरच्या कारखान्यातून आली. कारखानदाराचा मुलगा जेम्स जूल याने १८४०-४१ मध्ये तारेचं वेटोळं पाण्यात बुडवून, करंट सोडून, पाणी किती तापतं ते थर्मामीटरने मोजलं. करंट मोजायचं माप त्यालाही स्वतःच ठरवावं लागलं, तासाभरात ९ ग्रेन (वजनाचं जुनं बारीक माप) पाण्याचं विघटन करेल तो एक. निष्कर्ष असा की उष्णता रजिस्टन्सच्या पटीत आणि करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट दुप्पट तर ताप चौपट. रशियात लेन्झही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचला.

मापं एकसारखी करायची घाई झाली ती तारयंत्रामुळे. समुद्राखालून हजारो किलोमीटरची केबल टाकायची तर तिचा रजिस्टन्स सगळीकडे एकाच मापात मोजता यायला हवा, म्हणून १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेने कमिटी नेमली, आणि १८८१ च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावं पक्की झाली. वॅट राहिला होता, तो १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने सुचवला : एक व्होल्टच्या फरकातून एक अँपिअर गेला तर जी पॉवर ती एक वॅट. म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर ही वॅटची मूळ व्याख्याच आहे, वेगळं सिद्ध करायला नको.

आणि जूलच्या नियमातला करंटचा वर्ग किती महागात पडू शकतो ते लांबच्या लाइनवर कळतं. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच पॉवरला करंट दहावा हिस्सा लागतो आणि तारेतलं नुकसान शंभरावा हिस्सा होतं. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज सुरू झाली ती सुमारे एक लाख व्होल्टवर, ते याच हिशेबाने.